महासाथ आणि वैद्यकीय विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड-१९ ही महासाथ असल्याचं सांगितलं. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले वर्ग, डिसेक्शन हॉल आणि वॉर्ड विद्यार्थ्यांसाठी बंद झाले. डॉक्टरांची सगळ्यात जास्त निकड होती, नेमकं तेव्हाच होऊ घातलेल्या डॉक्टरांना घरी पाठवलं गेलं. तेव्हाचे विद्यार्थी आज रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयात काम करणारे डॉक्टर) आहेत, काही जण स्वतः शिकवायला लागलेत, पण त्यांचे प्रश्न मिटलेले नाहीत. शिकवताना, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा घेताना आणि व्हायवा संपल्यावर दाराशी घुटमळणाऱ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींची दोन ओळींत संपली.

साथीत विद्यार्थ्यांना वॉर्डाबाहेर का काढतात? शिकायची खरी वेळ तर तीच ना?

तीन कारणं असतात आणि तिन्ही रास्त आहेत. पहिलं म्हणजे मास्क, गाऊन, हातमोजे कमी पडतात. राउंडला मागे उभ्या असलेल्या सहा विद्यार्थ्यांना सहा संच द्यायचे की रात्रपाळीच्या सिस्टरना, हा प्रश्न असला तर उत्तर उघड आहे. १७ मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंग (वॉर्डात रुग्णांसोबत शिकण्याच्या नेमणुका) थांबवण्याची शिफारस केली, तेव्हा या तुटवड्याचा विचार त्यात होताच. दुसरं, शिकवणाऱ्याला वेळ नसतो, आणि देखरेखीशिवाय रुग्णाजवळ उभा असलेला विद्यार्थी रुग्णालाही धोका आणि स्वतःलाही.

तिसरं कारण संसर्गाचं. हाँगकाँगमध्ये मार्च २००३ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयातल्या एका वॉर्डात सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराचा रुग्ण दाखल होता. त्याला सार्स आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वॉर्डात जाऊन आलेल्या ६६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचा नंतर अभ्यास झाला. त्यातल्या १६ जणांना सार्स झाला होता. केस घेण्यासाठी, म्हणजे विचारपूस आणि तपासणी करण्यासाठी, रुग्णाजवळ जाणं हेच तर आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तीच सवय तिथे अंगाशी आली.

म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाहेर काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या महिन्यांबद्दल. साधनं आली, लस आली, तरी कित्येक ठिकाणी 'तूर्त घरीच थांबा' हा निरोप तसाच राहिला. ठरवायला कुणाला फुरसत नव्हती एवढंच.

पण जुन्या साथींत तर विद्यार्थीच राबत होते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यातली दोन उदाहरणं मी प्रत्येक बॅचला सांगतो.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये डॉक्टर आणि परिचारिका इतक्या कमी पडल्या, की पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वरच्या वर्गांतले वैद्यकीय विद्यार्थी थेट तात्पुरत्या रुग्णालयांत पाठवले गेले. तिसऱ्या वर्षाला असलेला आयझॅक स्टार त्यांच्यातलाच. पुढे तो नामवंत हृदयरोगतज्ज्ञ झाला आणि १९७६ मध्ये त्यानं त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. इन्फ्लुएंझावर एक लेक्चर, तेवढ्या शिदोरीवर ही मुलं गेली. काम परिचारिकेचं, औषध म्हणावं असं काही हाताशी नाही, आणि समोर तरुण माणसं निळी पडत चाललेली.

दुसरं उदाहरण डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं. १९५२ मध्ये तिथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले होते. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं सुचवलं की गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून फुप्फुसांत हवा भरत राहायची. पण पिशवी दाबणार कोण, तीही दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे? वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी आले. एकूण सुमारे १५०० जणांनी पाळ्या केल्या. एका वेळी सत्तर रुग्ण असे हातांवर तगलेले होते. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं, आणि आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

दोन्हीकडे विद्यार्थीच होते. मग फरक कुठे पडला? कोपनहेगनमध्ये काम ठरलेलं होतं, ते शिकवलेलं होतं, पाळी संपली की सुटका होती आणि अडलं तर हाक मारायला माणूस होता. फिलाडेल्फियात यातलं बहुतेक काही नव्हतं. आज कुणी 'आम्हाला कामाला घ्या' म्हणालं की मी या चार गोष्टी आहेत का ते आधी विचारतो.

२०२० नंतर विद्यार्थ्यांना कामावर घेतलं गेलं का?

घेतलं, पण बहुतेक करून शेवटच्या वर्षाला असलेल्यांना. इटलीनं मार्च २०२० मध्ये परवान्याच्या परीक्षेची अट काढून टाकली आणि सुमारे १०,००० नवे पदवीधर कामाला मोकळे झाले. ब्रिटननं अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना लवकर तात्पुरती नोंदणी दिली. पुढचं काम ऐच्छिक ठेवलं. न्यूयॉर्क विद्यापीठानं तयार असलेल्यांना मुदतीआधी पदवी देऊ केली. भारतात दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी, अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली फोनवरून सल्ला देणं आणि सौम्य लक्षणांच्या रुग्णांवर लक्ष ठेवणं या कामांसाठी घ्यायचं ठरलं.

मधल्या वर्षांचे विद्यार्थी मात्र कुठेच बसले नाहीत. पहिल्या वर्षाला असलेल्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती, शेवटच्या वर्षाला असलेल्याला बोलावणं आलं, आणि तिसऱ्या वर्षाचा मुलगा दोन्हीकडे बघत खिडकीत बसला. अनेकांनी स्वतःहून कामं शोधली: संपर्कात आलेल्यांना फोन करणं, डॉक्टर-परिचारिकांची मुलं सांभाळणं, अफवांना उत्तरं लिहिणं. ही कामं कुणाच्या लॉगबुकात गेली नाहीत. जायला हवी होती.

ऑनलाइन लेक्चर तर नियमित झाली. मग नक्की बुडालं काय?

लेक्चरमधला मजकूर फारसा बुडाला नाही, हे आधी कबूल करू. फार्माकॉलॉजीचं कोष्टक स्क्रीनवर जितकं कळतं तितकंच फळ्यावर. उलट रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा ऐकता येतं, आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यांचं त्यात भलंच झालं.

बुडालं ते वेळापत्रकात कधीच नव्हतं. वॉर्डातून बाहेर पडताना कन्सल्टंट सहज म्हणतात, "त्या सात नंबरच्या बाई गप्प झाल्या होत्या, पाहिलंस?" ते बुडालं. वाईट बातमी सांगण्याआधी सर खुर्ची ओढून बसतात, उभ्यानं बोलत नाहीत, हे पाहणं बुडालं. रुग्णाच्या नातेवाइकांचा राग अंगावर येतो तेव्हा रेसिडेंट आवाज कसा खाली आणतात, नाडी बघताना हात आधी चोळून ऊब कशी आणायची, आजोबांना कूस बदलायला सांगण्याआधी कुठे दुखतंय हे कसं विचारायचं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. ते बघून उचललं जातं, आणि उचलायला तिथे असावं लागतं.

दुसरं बुडालं ते चुकणं. वॉर्डात विद्यार्थी चार जणांसमोर चुकतो, टोकला जातो, कान लाल होतात आणि ती गोष्ट जन्मभर लक्षात राहते. स्क्रीनवर कॅमेरा बंद करून चुकता येतं. अशी चूक कुणाला दिसत नाही आणि म्हणून सुधारतही नाही.

डिसेक्शन न करता अ‍ॅनाटॉमी झाली. पाया कच्चा राहिला का?

नावं, संबंध, मार्ग हे सगळं त्रिमितीय चित्रांवरून चांगलं शिकता येतं. राहतं ते दोन प्रकारचं. एक, शरीरातला फेरफार: पुस्तकात धमनी जिथे असते तिथे ती दर माणसात असतेच असं नाही, हे हातानं शोधल्याशिवाय पटत नाही. दोन, मृत शरीरासमोर पहिल्यांदा उभं राहण्याचा अनुभव. अनेकांचं डॉक्टर होणं त्या दिवशी सुरू होतं. पुढे संधी मिळाली तर एखाद्या प्रोसेक्शनला (शिक्षकांनी आधीच विच्छेदन करून ठेवलेलं शरीर पाहायला) किंवा शवविच्छेदनाला आवर्जून उभे राहा. सर्जरीकडे जाणार असाल तर हे टाळूच नका. बाकीच्यांनी झोप घालवण्याएवढं ते मोठं नाही.

माझ्या मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये मी जवळजवळ एकच आजार पाहिला. आता?

हे नुकसान खरं आहे, आणि याची चर्चा सगळ्यात कमी झाली. साथीत रुग्णालय भरलेलं असतं, पण एकाच रंगाचं. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबतात, त्यामुळे हर्निया, मोतीबिंदू, थायरॉइडच्या गाठी दिसत नाहीत. ओपीडी ओस पडते. हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे रुग्णसुद्धा भीतीपोटी घरीच थांबले आणि उशिरा आले. प्रसूती तेवढी थांबत नाही, म्हणून त्या काळातल्या अनेकांचा हात तिथे बरा बसला.

जे दिसलं तेही अर्धवट दिसलं. मास्कमुळे चेहरा झाकलेला. चेहऱ्याच्या नसेचा लकवा, ओठांचा निळसरपणा, जिभेचा फिकेपणा हे तपासायचं कसं? घसा तपासणं तर जवळपास वर्ज्यच झालं होतं. रुग्णाला कळ आली की आधी त्याच्या तोंडावर दिसते, पोट तपासताना आपण हाताकडे नाही तर चेहऱ्याकडे बघायला शिकवतो; आणि चेहराच नव्हता.

दुसऱ्या बाजूनं, श्वास लागलेला रुग्ण ओळखणं, ऑक्सिजनची पातळी घसरताना निर्णय घेणं, पीपीई (संरक्षक पोशाख) नीट घालणं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नीट उतरवणं (संसर्गाचा धोका उतरवतानाच जास्त असतो) यात ही बॅच आधीच्या बॅचेसपेक्षा तरबेज निघाली. एका आजाराचं खोल ज्ञान वाया जात नाही. बाकीच्यांची यादी करा आणि इंटर्नशिपमध्ये, रेसिडेन्सीत मुद्दाम ते रुग्ण मागून घ्या. ज्या वॉर्डात तुमची ड्यूटी नाही तिथेही 'आज चांगली केस आहे' म्हटल्यावर जायला कुणी अडवत नाही.

दिवसभर बसूनच असायचो, तरी संध्याकाळी अंगात त्राण नसायचं. आळस होता का?

नव्हता. व्हिडिओवरच्या भेटीगाठींचा थकवा हा अभ्यासाचा विषय झाला आणि त्याची कारणंही सांगितली गेली: समोर सतत जवळून दिसणारे चेहरे, स्वतःचाच चेहरा तासन्‌तास बघत राहणं, एका जागी जखडल्यासारखं बसणं, आणि हावभाव अर्धवट पोचत असल्यानं मेंदूला पडणारं जादा काम. स्वतःची खिडकी लपवा, ज्या तासाला फक्त ऐकायचं आहे तो चालत ऐका. एवढ्यानंही फरक पडतो.

घरून दिलेल्या परीक्षेला काही अर्थ होता का?

प्रश्न कसे काढले यावर होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं मार्च २०२० मध्ये शेवटच्या वर्षाची परीक्षा घरून, पुस्तक उघडं ठेवून देऊ दिली. 'अमुक सिंड्रोमची लक्षणं लिहा' असं विचारलं तर ती नक्कल ठरते. पण एक रुग्ण समोर ठेवून 'आता पहिलं काय कराल' असं विचारलं, तर पुस्तक उघडं असूनही उत्तर डोक्यातूनच यावं लागतं. डॉक्टर प्रत्यक्ष काम करताना पुस्तक, फोन, सहकारी सगळं वापरतोच.

प्रत्यक्ष कौशल्याच्या परीक्षेचं मात्र तसं नाही. अमेरिकेतली, अभिनय करणाऱ्या रुग्णांवर घेतली जाणारी राष्ट्रीय कौशल्य परीक्षा मार्च २०२० मध्ये थांबवली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. ती महाग आहे, तिच्यातून फारसं काही कळत नाही, अशी टीका आधीपासून होतीच. साथीनं फक्त शेवटचा धक्का दिला. तिची पोकळी महाविद्यालयांनी आपापल्या परीनं भरायची आहे.

परीक्षा पुढे ढकलली जाण्याचा त्रास वेगळाच. भारतातली पदव्युत्तर प्रवेश परीक्षा १८ एप्रिल २०२१ ला होती, ती झाली ११ सप्टेंबरला. जवळपास पाच महिने 'परीक्षा परवा आहे' अशा ताणात राहणं म्हणजे काय, ते राहिलेल्यालाच ठाऊक. अभ्यास वाढत नाही, फक्त माणूस शिळा होत जातो.

राहून गेलेली कौशल्यं आता कशी भरून काढू?

एक वही घ्या. चार रकाने आखा: पाहिलं, मदत केली, कुणी सोबत असताना केलं, एकट्यानं केलं. खाली यादी लिहा: शिरेतून रक्त घेणं, सलाइन लावणं, मूत्रमार्गात नळी घालणं, टाके घालणं, ईसीजी काढणं, धमनीतून रक्त घेणं, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं), नवजात बाळाला पहिली मदत. प्रत्येकासमोर खरं ते लिहा. ही वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खोटं लिहून फायदा नाही. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा मोकळे रकाने कमी निघतात. भीती नेहमी यादीपेक्षा मोठी असते.

मग एक वाक्य पाठ करा: "मी हे अजून एकट्यानं केलेलं नाही, सोबत उभे राहाल का?" हे वाक्य म्हणायला लाज वाटते, विशेषतः पदवी हातात आल्यावर. माझ्याकडे एक इंटर्न होती. तिनं पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर हे विचारलं. महिन्याभरात वॉर्डातल्या अवघड शिरा तिच्याकडे यायला लागल्या. जे गप्प राहिले, ते शिकायचे तेवढे शिकले, पण चोरून आणि रुग्णाच्या हाताला जास्त भोकं पाडून.

कौशल्य विसरायला होतं, हेही धरून चाला. सीपीआरसारखी गोष्ट तीन ते सहा महिन्यांत घसरू लागते, म्हणून एकदा शिकून भागत नाही. पुतळ्यावर महिन्यातून दहा मिनिटं हात चालवला तरी चालेल. वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा करण्यापेक्षा ते बरं. हृदयाचे आवाज रेकॉर्डिंगवर ऐकून ओळखता येऊ लागतात, ते जरूर ऐका. पण रडणाऱ्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप नेमका कधी टेकवायचा, हे रेकॉर्डिंग शिकवत नाही.

वाचनाबद्दल एकच. २००६ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवणारे पुढे गेले. घरी कोंडलेल्या काळात बहुतेकांनी अभ्यास म्हणजे वाचन एवढंच केलं, आणि म्हणून 'इतकं वाचलं पण काही आठवत नाही' ही तक्रार आली. पुस्तक मिटा आणि भिंतीला केस सांगा.

आम्हाला 'कोविड बॅच' म्हणतात. आम्ही कमी दर्जाचे डॉक्टर आहोत का?

नाही. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीनं कमी दर्जाचं म्हटलेलं आहे. तुमच्या बाबतीत फक्त त्यांना नाव ठेवायला निमित्त मिळालं. तुमच्यात काही पोकळ्या आहेत आणि तुम्हाला त्या माहीत आहेत. ज्याला आपल्या पोकळ्या माहीत नाहीत, असा डॉक्टर मला जास्त धोक्याचा वाटतो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य साथीमुळेच वाढलं का?

आग आधीच धुमसत होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१६ मध्ये, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी, अनेक देशांतल्या अभ्यासांचा मोठा आढावा आला होता. त्यात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली, ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आलेले होते, आणि लक्षणं असलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेले फक्त १५.७ टक्के. हे आकडे बहुतांशी प्रश्नावल्यांवरचे आहेत, डॉक्टरांनी केलेल्या निदानावरचे नाहीत. तरी ते लहान नाहीत.

साथीनं काय केलं, तर तग धरायला मदत करणाऱ्या गोष्टी काढून घेतल्या. हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोनला 'मलापण काही कळलं नाही' म्हणणारा मित्र गेला. खेळ, फेरफटका, रिकामा रविवार गेला. दिवसाचा आकार गेला. झोपेची वेळ सरकत सरकत पहाटेवर पोचली. आणि मोकळ्या झालेल्या जागेत अनिश्चितता येऊन बसली: परीक्षा कधी, इंटर्नशिप कधी, घरात आधी कुणाला होणार.

परदेशात शिकणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट होती. सीमा बंद, वर्ग स्क्रीनवर, आणि हे शिक्षण पुढे ग्राह्य धरतील की नाही याची टांगती तलवार.

साधी उदासी आणि नैराश्य यात फरक कसा करू?

व्याख्या तुम्हाला पाठ आहे, स्वतःला लावायचं तेवढं राहतं. दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली आहे किंवा कशातच रस उरलेला नाही. सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. असं असेल तर ती 'फेज' नाही. बर्नआउट वेगळं: ते कामाशी बांधलेलं असतं. थकवा, रुग्णांबद्दल कोरडेपणा आणि 'माझ्यानं काही होत नाही' ही भावना अशी त्याची तीन अंगं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हणते. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतात.

मरणाचे विचार येत असतील तर पुढचे प्रश्न नंतर वाचा. आत्ता जवळच्या माणसाला सांगा, तुमच्या देशातल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ आपत्कालीन विभागात जा. तिथला वास तुमच्या ओळखीचा आहे, फक्त या वेळी तुम्ही रुग्ण आहात.

मला काहीच झालं नाही. मी घरात सुरक्षित होतो. तरी अपराधी का वाटतं?

माझ्याकडे सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि तो कधीच थेट येत नाही. येतो तो 'सर, खरं तर मला तक्रार करायचा हक्क नाही' अशा सुरुवातीनं.

वैद्यकीय विद्यार्थी ना धड डॉक्टर, ना धड सामान्य माणूस. नातेवाईक त्याला डॉक्टर समजून फोन करतात, रुग्णालय त्याला विद्यार्थी समजून परत पाठवतं. सीनियर पीपीईत घामानं निथळताहेत, त्यांच्यातला कुणी आजारी पडतो, आणि आपण टेबलाशी बसून बायोकेमिस्ट्रीचं चक्र काढतो आहोत. उपयोगी पडण्यासाठीच इथे आलेल्या माणसाला निरुपयोगी ठेवलं की ते आतून खात राहतं. म्हणूनच कामाच्या ओझ्यानं वाकलेल्यांइतकेच घरी बसवलेलेही खचले.

या अपराधीपणावर 'तुझा काय दोष' हे उत्तर चालत नाही, कारण दोष नाही हे त्यालाही कळतं. चालतं ते काम. लहानसं, खरं, कुणाच्या तरी उपयोगाचं, आणि कुणीतरी 'झालं का?' असं विचारणारं.

मी वॉर्डात होतो. एक मृत्यू डोळ्यांसमोरून जात नाही.

नातेवाइकांना शेवटचं भेटू न देणं, एका बेडसाठी दोघांतून एकाला निवडताना पाहणं, फोनच्या पडद्यावर निरोप घ्यायला लावणं. आपल्याला जे बरोबर वाटतं त्याच्या विरुद्ध घडताना पाहावं लागलं, किंवा स्वतःच्या हातानं करावं लागलं, की जी जखम होते तिला नैतिक इजा म्हणतात. ही संज्ञा युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या उपचारांतून आली. विद्यार्थ्याला ती अधिक लागते, कारण निर्णय त्याचा नसतो, पण पाहणारे डोळे त्याचेच असतात.

ज्यांनी तेच पाहिलं त्यांच्याशी बोला. वॉर्डातले वरिष्ठ गप्प असले तरी विसरलेले नसतात. कुणी विषय काढला की तेही बोलतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. झोपेत तेच दिसत राहणं, त्या वॉर्डाकडे पाय न वळणं, छोट्या आवाजानं दचकणं असं महिनाभर चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

मदत घेतली तर पुढे नोंदणीला किंवा पीजीला अडचण येईल?

नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते तुमच्या नोंदणी संस्थेकडून वाचून घ्या. बहुतेक ठिकाणी कळीचा प्रश्न 'तुम्ही आत्ता सुरक्षितपणे काम करू शकता का' हा असतो, आणि उपचार घेणाऱ्याचं उत्तर न घेणाऱ्यापेक्षा चांगलं असतं. आपल्या मार्कांवर ज्यांची सही असते अशा प्राध्यापकांकडे उपचार घेऊ नका. बाहेरचा डॉक्टर बघा.

घरी आजी-आजोबा आहेत. साथीच्या ड्यूटीला नाही म्हणता येतं का?

विद्यार्थी असाल तर नाही म्हणता यायला हवं. विद्यार्थ्याला पगार नसतो, विमा बहुधा नसतो आणि शेवटचा निर्णयही त्याच्या हातात नसतो. अशा माणसावर सक्ती करणं मला मान्य नाही. इंटर्न आणि रेसिडेंट यांची गोष्ट वेगळी, त्यांनी काम स्वीकारलेलं असतं, पण संरक्षक साधनं आणि राहायची वेगळी सोय मागणं हा त्यांचाही हक्क. 'नाही' म्हणणाऱ्या मित्राला भित्रा म्हणू नका. त्याच्या घरी कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

पुढच्या साथीसाठी महाविद्यालयानं आत्ताच काय करून ठेवावं?

एक कागद. कोणत्या वर्षाचा विद्यार्थी कोणतं काम करू शकतो, ते त्याला कोण शिकवणार, पाळी किती तासांची, देखरेख कुणाची, आजारी पडल्यास खर्च कुणाचा, आणि हे काम शिक्षणात कसं मोजायचं. शांततेच्या काळात अर्ध्या दिवसात लिहून होतो. साथीत तो लिहायला कुणालाच वेळ नसतो. मास्कचा फिट टेस्ट (तो चेहऱ्यावर घट्ट बसतो का ही चाचणी) आणि पीपीई उतरवणं पहिल्याच वर्षी शिकवावं. प्रत्येक दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा असावा, की ज्यानं आठवड्यातून एकदा फोन करून अभ्यासाचं सोडून काहीही विचारायचं.

हा शेवटचा मुद्दा बैठकीत मांडला की लोक हसतात. आमच्याकडे २०२० मध्ये असा फोन एका निवृत्तीला आलेल्या मॅडम करायच्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "जेवलास का?" त्या बॅचची मुलं आता डॉक्टर आहेत, आणि त्या काळातलं एकही लेक्चर त्यांना आठवत नसलं तरी तो फोन आठवतो.